उष्टी काकडी अन् मावशीची डुकरं

आमचा काकडीचा मळा मंगरूळपीरच्या रस्त्याले. धुऱ्यापलीकडे, म्हंजे बांधाच्या त्या अंगाले, एक म्हातारी मावशी डुकरं पाळते, त्याच्यावरच तिचं पोट. औंदा मले अशी सर्दी झाली का इचारू नका! ताप, अंगदुखी, नाक तं नळावानी वाहून राह्यलं. अन् पाहातो तं धुऱ्यावर डुकरंही शिंकून राह्यली! झालं, मी गावभर बोंबललो का आजार डुकरायनंच देल्ला. ग्रामपंचायतीत अर्ज ठोकला, डुकरं गावातून हाकला. मावशी हात जोडत आली, पन मले दया आली नाई. खोटं कायले सांगू?

चौकशीले जनावरायच्या डॉक्टरीनबाई आल्या, संगं आरोग्यवाले. त्याईनं डुकरायच्या नाकात कापसाची काडी फिरवली. मी तोऱ्यात म्हनलं, "माह्याही नाकातलं घ्या, पुरावा पक्का होते!" घेतलं.

ग्रामसभेत रिपोर्ट आला. बाई सांगू लागल्या, "फ्लूच्या विषाणूत जीन्सचे आठ तुकडे असतात. डुकराला माणसाचाही फ्लू होतो, पक्ष्याचाही. दोन्ही एकदम झाले, तर तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि नवाच विषाणू तयार होतो."

"पाहा!" मी उठलोच.

"बसा. इथं तसं झालेलं नाही. डुकरांमधल्या विषाणूचे आठही तुकडे माणसांच्या साथीतले आहेत, आणि तुमच्या नमुन्याशी जुळतात. रोग माणसाकडून डुकरांकडे गेलाय. त्यांच्याजवळ कोण जायचं?"

माही बायको उभी राह्यली. घरचीच साक्षीदार, बाप्पा! "हेच! काकडी कडू हाय का ते चाखून पाहातेत, अन् उष्टी डुकरायले फेकतेत. तापात जिभेले चव नोती, तं एकाच्या जागी चार चाखल्या. वरून शिंका!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" मागून कोनीतरी वरडलं. सारी सभा हासली.

मावशी तेवढी हासली नाई. म्हने, "भाऊ, मले वाटे तुमी मायेनं काकड्या फेकता. माही डुकरं तीन दिवस जेवली नाई. मी देल्ला का अर्ज, का या मानसाले गावातून हाकला?"

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज मी तिथंच, माह्या हातानं फाडला.

आताही काकडी चाखतो, धंदाच तसा हाय. पन उरलेली मीच खातो, कडू निंगाली तरी.