बिननावाचा जबाब

प्रमोदिनी लासूरकर बत्तीस वर्षांची होईपर्यंत तिच्या लग्नाचा विषय घरात कुणी मनापासून काढलाच नाही. आई गेली तेव्हा ती अठराची होती, धाकटा केशव नऊचा. वडील अनंतराव निजामाच्या महसुलात कारकून. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, दफ्तरातली उर्दू गेली आणि ऐन पस्तिशीत त्यांना मसुदे लिहायला नव्यानं शिकावं लागलं. त्या धसक्यातून ते पुढं कधी सावरलेच नाहीत. घर चालवलं प्रमोदिनीनं. औरंगाबादला औरंगपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. केशवला तिनं डिप्लोमा करायला लावला, पाटबंधारे खात्यात चिकटवला, त्याचं लग्न करून दिलं. त्याची बायको दमयंती घरात रुळली आणि मग एकाएकी सगळ्यांच्या लक्षात आलं, की ताई अजून इथंच आहे.

१९७८च्या पावसाळ्यात गंगाधररावांचं स्थळ आलं. मूळचे पैठणचे, विलायतेत लेस्टर नावाच्या गावी कारखान्यात नोकरी. वय बेचाळीस, पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. माणूस कमी बोलणारा, पण नीटनेटका. त्यांची रजा पंधराच दिवसांची होती. लग्न इथं लावून बायको म्हणून न्यायचं, तर कागदपत्रांना दीड-दोन वर्षं लागत. ठरलेली नवरी म्हणून गेलं, तर तिथं उतरून तीन महिन्यांत लग्न नोंदवायचं, एवढीच अट होती. साखरपुडा झाला. प्रमोदिनीनं शाळेचा राजीनामा दिला आणि नोव्हेंबरात विमानात बसली.

तिकडच्या विमानतळावर तिला रांगेतून बाजूला काढलं. टेबलामागच्या अधिकाऱ्याला तिचं वय खटकलं होतं.

"बत्तीस वर्षं आणि लग्न नाही? तुमच्या देशात असं नसतं."

"आई नव्हती. भाऊ लहान होता," ती इंग्रजीत म्हणाली.

त्यानं ते लिहून घेतलं नाही. ही आधीच लग्न झालेली बाई आहे, खोटं सांगून आत शिरते आहे, असा त्याचा संशय. कुमारी आहे की नाही ते डॉक्टर तपासतील, म्हणाला, आणि एक कागद पुढं सरकवला. सही केली नाही तर पुढच्या विमानानं परत. प्रमोदिनीनं तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली. पुढं आयुष्यभर तिला हेच टोचत राहिलं: आपण वाचून, समजून सही केली.

डॉक्टर पुरुष होता. अंगावर घ्यायला तिनं काहीतरी मागितलं, ते मिळालं नाही. दोन मिनिटंही लागली नसतील. नंतर ती साडी नेसली, निऱ्या तीनदा चुकल्या. मग पासपोर्टवर शिक्का बसला.

बाहेर गंगाधरराव तिच्यासाठी लोकरीचा कोट घेऊन उभे होते. "एवढा उशीर?"

"कागद तपासत होते," ती म्हणाली.

लग्न नोंदवल्यावर आठवड्याभरानं तिनं त्यांना खरं सांगितलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "हे परत कुणापाशी बोलायचं नाही." उठता उठता, तिच्याकडं न बघता, त्यांनी विचारलं, "मग... काय लिहिलं डॉक्टरनं?"

या प्रश्नावर तिनं कप उचलून विसळायला नेले. ते ज्या खोलीत झोपत त्या खोलीत त्यानंतर ती मुकाट्यानं वावरली.

शेजारी हंसाबेन राहायची. गुजराती, आफ्रिकेतून हाकललेल्यांपैकी, मोज्यांच्या कारखान्यात कामाला. दर बुधवारी ती बायकांच्या सभेला जायची आणि जाताना प्रमोदिनीलाही ओढून न्यायची. लाँड्रीच्या वर एक खोली होती. तिथं गोऱ्या बायका तान्ही मुलं मांडीवर घेऊन वाद घालत. कुणाचा नवरा त्या वेळी घरी भाजी चिरत असे आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. प्रमोदिनीला वाटायचं. एका बाईचं नाक नवऱ्यानं फोडलेलं होतं. हंसाबेन हिंदीत कानाशी कुजबुजली, "आधी पोलीस दारातूनच परत जायचे, घरचा मामला म्हणून. आता कायदा झालाय. कोर्ट नवऱ्याला घराबाहेर काढतं, बायकोला नाही. असंच नाही मिळालं ते. या बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उभ्या राहिल्या, शिव्या खाल्ल्या." प्रमोदिनी मागच्या खुर्चीवर बसून ऐकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी नुसती पाहुणी."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला हंसाबेन वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आली. विमानतळावर एका भारतीय शिक्षिकेची तसलीच तपासणी झाली होती आणि त्या बाईनं तोंड उघडलं होतं. हंसाबेन संतापानं वाचत होती. प्रमोदिनी कणीक मळत होती, तिचे हात थांबले. ते हंसाबेननं बघितलं. तिनं पेपर घडी करून ठेवला आणि एवढंच विचारलं, "तुझीपण?"

सभेतल्या बायकांनी जबाब मागितला. नाव लागणार नाही, म्हणाल्या. एकच बाई बोलली तर सरकार चूक झाली म्हणून हात झटकेल, चार जणी बोलल्या तर ती रीत होती हे लपणार नाही. प्रमोदिनीनं स्वतःच लिहिलं. फळ्यावर लिहायची तशा स्वच्छ अक्षरात एक पान. त्यात रडणं नव्हतं. खोली कशी होती, कोण काय म्हणालं, कागदावर काय होतं, किती वेळ लागला. सभेत ते वाचून दाखवणारी गोरी पोरगी मध्येच थांबली आणि तिला पुढं वाचता येईना. उरलेलं हंसाबेननं वाचलं.

मग मोर्चा निघाला. प्रमोदिनीही गेली. साडीवर तोच लोकरीचा कोट, हातात दुसऱ्या कुणी लिहिलेला फलक. थोड्याच दिवसांत सरकारनं ती तपासणी बंद केल्याचं जाहीर केलं. लाँड्रीवरच्या खोलीत बायका नाचल्या, हंसाबेननं पेढे वाटले. प्रमोदिनीनं एक पेढा खाल्ला.

पण प्रमोदिनी दिसत होती असा मोर्चाचा फोटो गावच्या पेपरात छापून आला होता आणि कुणीतरी तो कारखान्यात गंगाधररावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आवाज चढवला नाही. फोटो तिच्यापुढं ठेवून म्हणाले, "आता विचारायची गरज कुणालाच उरली नाही. सगळ्यांना कळलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट काढलं. हंसाबेन म्हणाली, घर सुटलेल्या बायकांसाठी आपल्या सभेचं घर आहे, तिथं राहा, केस करू. प्रमोदिनीला तेवढं बळ राहिलं नव्हतं. वडिलांना, अण्णांना, एकदा बघावं, एवढंच मनात होतं.

ती एप्रिलात औरंगाबादला उतरली. तिच्याआधी गंगाधररावांचं पत्र पोचलं होतं. त्यात त्यांनी तिच्यावर कसलाही आरोप केला नव्हता. 'डॉक्टरी तपासणीचा निष्कर्ष मी विचारलेला नाही,' असं एक खोटं वाक्य मात्र होतं, आणि तेवढं पुरे होतं. दमयंतीनं ते माहेरी सांगितलं, माहेरच्यांनी गुलमंडीच्या बाजारात. महिन्याभरात गोष्ट अशी झाली, की विलायतेत बाईची तपासणी झाली आणि ती नापास झाली.

"अण्णा, ती रीत बंद झाली. आम्ही बंद करायला लावली," तिनं वडिलांना सांगितलं.

अनंतराव पत्राची घडी पुन्हा पुन्हा घालत होते. "सरकारनं बंद केली ना? मग त्यात आपण कशाला दिसायचं, बेटा?"

जुन्या शाळेनं घेतलं नाही. मुख्याध्यापिका चांगल्या होत्या, पण पालकांना काय सांगू, म्हणाल्या. शेवटी जिल्हा परिषदेत जागा निघाली, पाचोडच्या शाळेत. प्रमोदिनी रोज एसटीनं जाऊ-येऊ लागली. तिकडच्या वकिलाचे घटस्फोटाचे कागद आले, त्यावर तिनं सही केली, तीही वाचून. अनंतराव गेल्यावर तिनं पाचोडलाच खोली घेतली. केशव राहा म्हणाला नाही.

शाळेत द्वारकाबाई शिपाई होत्या. एका दुपारी माठ भरता भरता त्यांनी सरळ विचारलं, "बाई, लोक म्हणत्यात तिकडं तुमची तपासणी केली व्हती. खरं हाय का?"

इतक्या वर्षांत तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. "हो, द्वारकाबाई."

"माजी बी केली व्हती. सासूनं अन् चुलतसासूनं. मी तेरा वर्साची." त्यांनी माठावर झाकण ठेवलं. "तुमच्या तिकडची बंद झाली म्हनं. कुनी केली?"

"बायकांनीच."

द्वारकाबाई हसल्या नाहीत. "लई येगळ्या बाया असत्याल त्या."

१९८६च्या मार्चमध्ये त्याच द्वारकाबाई वर्गाच्या दारात येऊन धापा टाकत उभ्या राहिल्या. त्यांची नात चतुरा दहावीत होती, लग्न ठरलं होतं. पोरीला बाजारात कुणाशी तरी बोलताना बघितलं म्हणून सोयऱ्यांनी दवाखान्याचा दाखला मागितला होता. "कडूबा तिला घिऊन गेलाय, बाई. माजा ल्योक माजं ऐकत नाय. तुमी चला."

प्रमोदिनी खडू हातात तसाच घेऊन निघाली. दवाखाना माणसांनी भरलेला होता. कोपऱ्यात चतुरा पदर दातांत धरून बसली होती. शेजारी तिचा बाप कडूबा, आणि सोयऱ्यांकडचे दोघं. डॉक्टरीणबाई हातमोजे घालत होत्या.

"तिला विचारलंत का?" प्रमोदिनी म्हणाली.

"तुम्ही कोण? हा घरचा मामला आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझी अशी तपासणी झालेली आहे," प्रमोदिनी म्हणाली. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचावा तसा तिचा आवाज लागला होता. "माझं नाव प्रमोदिनी अनंतराव लासूरकर. माझी तपासणी झालीय, आणि त्यातून माणसाबद्दल काहीही कळत नाही. हे पाप तुमच्या हातानं करू नका."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून टेबलावर टाकले आणि आज जमणार नाही, म्हणाल्या. चतुरानं पहिल्यांदा वर बघितलं.

कडूबा तिच्यामागं बाहेर आला. "बाई, तुमची अब्रू गेली म्हून माज्या पोरीची बी घालवता का?"

चार दिवसांनी त्यानं चतुराला दुसरीकडं नेलं. दाखला मिळाला, लग्न झालं. दहावीच्या परीक्षेला तिचा बाक रिकामा राहिला. द्वारकाबाई त्या दिवशी पाणी वाटायला आल्या, तिथं जरा थांबल्या आणि पुढं गेल्या.

गावातून तक्रारअर्ज गेला, शंभरावर अंगठे आणि सह्या. जूनमध्ये प्रमोदिनीची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सोयगावला झाली. निरोपाला कुणी आलं नाही. एकट्या द्वारकाबाई स्टँडवर आल्या. त्यांनी ट्रंक एसटीच्या टपावर चढवायला हात लावला, खिडकीपाशी येऊन भाकरीचं गाठोडं दिलं.

"चतुरा कशी आहे?" प्रमोदिनीनं विचारलं.

"बोलत नाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "कुनाशीच बोलत नाय."

गाडी सुरू झाली. सोयगावला तिनं पुढं अठरा वर्षं भूगोल शिकवला.