गुरुजींचं घर आणि आम्ही बांधकामवाले

जुनं घर दुरुस्तीला काढलं की आधी मलबा निघतो, मग किस्से. मलबा ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेर नेता येतो. किस्से कुठं नेऊन टाकणार? मी हिंगोलीचा सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले, शाळाखोल्या बांधल्या, पण त्याबद्दल कुणी चहा पाजून ऐकत नाही. गुरुजींच्या घराचा विषय निघाला की मात्र लोक खुर्ची ओढून बसतात.

गुरुजी म्हणजे डोंगरकडा गावाच्या बाजूच्या एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक. दिवसा शाळा, उरलेल्या वेळात कादंबऱ्या. ते गेल्यावर त्यांच्या मुलीनं, अक्कांनी, घर एका छोट्या ट्रस्टला दिलं आणि स्वतः समोरच्या घरात राहायला गेल्या. लेखकांनी इथं यावं, महिनाभर राहावं, लिहावं अशी कल्पना. काही वर्षं लेखक येत होते. मग माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत, गळायला लागलं. एक खांबही कलला. ट्रस्टनं मला बोलावलं. अट एकच, घर होतं तसंच राहिलं पाहिजे.

*

पहिल्या दिवशी मी टेप धरून भिंती मोजत होतो. दारात गाव जमलं.

"साहेब, पाडायला कधी लागायचं?"

मी म्हणालो, "पाडायचं नाही. वरची माती काढायची आणि नवी माती घालायची."

"माती काढून माती?"

"हो."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी एक म्हातारे पुढं आले आणि फार दुःखानं म्हणाले, "गुरुजीवर काहून येवढा राग काढून राहिले, साहेब? आमाला घरकुलात स्लॅब भेटला, अन् येवढ्या मोठ्या मानसाला मातीच?"

*

आमचे मिस्त्री खंडूमामा. चुन्याचं काम करणारे आता फार उरले नाहीत, त्यांतले एक. चुन्याच्या गाऱ्यात गूळ, मेथी, उडीद, डिंक असं बरंच काही घालतात. मामांना घेऊन मी आखाडा बाळापूरच्या बाजारात गेलो आणि एका किराणा दुकानात सगळं सांगितलं. गूळ ढेपेनं, मेथी किलोनं, डिंक तसाच.

दुकानदाराचा चेहरा फुलला. "अरे वा साहेब! अभिनंदन! नातू का नात?"

मी काही बोलायच्या आत मागून खंडूमामा शांतपणे म्हणाले, "भिंत."

*

ट्रस्टच्या अध्यक्षांना एका खोलीत गुरुजींचं टेबल मांडायचं होतं. त्याच्याभोवती दोरी, वर दिवा, बाजूला पाटी. टेबल माडीवर धूळ खात पडलं होतं. ते खाली आणलं, पॉलिश केलं. अध्यक्ष हळव्या आवाजात म्हणाले, "याच टेबलावर साहित्य घडलं."

अक्का दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अण्णा जमिनीवर पालथं पडून लिहायचे. पोटाखाली उशी घेऊन. या टेबलावर आई इस्त्री करायची."

अध्यक्ष म्हणाले, "पाटी तर छापून आलीय!"

टेबल आजही तिथंच आहे. लोक पाया पडतात. अक्का म्हणतात, "पडू द्या. आईनं लई इस्त्री फिरवली त्याच्यावर, तिला पोचंल."

*

घर पुन्हा सुरू झाल्यावरही डागडुजीसाठी माझं येणं-जाणं राहिलं. पहिले पाहुणे म्हणून एक कवी आले, पुण्याहून. वारंगा फाट्यावर बसमधून उतरले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "लेखकांच्या घरी जायचंय." रिक्षावाला म्हणाला, "बसा. रोजचंच हाय."

कवींना फार बरं वाटलं. या भागात साहित्याचं एवढं वातावरण! रिक्षा गेली ती थेट कळमनुरीला. तहसीलसमोर टिनाच्या शेडखाली एक गृहस्थ स्टॅम्पपेपर घेऊन बसले होते. त्यांनी कवींना समोर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "बोला, खरेदीखत का वाटणीपत्र?"

संध्याकाळी आमच्याकडं पोचल्यावर कवी म्हणाले, "माणूस चांगला होता हो. माझ्या चार ओळी ऐकवल्या, तर म्हणाला, 'भाषा बराबर हाय, पण चतुःसीमा टाकायची राहिली!'"

*

त्यांच्यानंतर एक कथालेखिका आल्या. त्यांना हवी होती शांतता. आता घराला लागून पिठाची गिरणी. शिवाय मंदिराचा भोंगा, अन् गिरणीवर आलेल्या बायकांच्या गप्पा. दोन दिवस बाईंनी कानात कापूस घालून काढले. तिसऱ्या दिवशी अक्कांकडं गेल्या. "अक्का, इथं शांतता कधी असते?"

"लाईट गेल्यावर."

तेव्हापासून लाईट गेली की बाई धावत वहीकडं जायच्या. सगळा गाव वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायचा आणि बाई खिडकीतून हात जोडायच्या. अशी ग्राहक त्या लाईनमनला जन्मात भेटली नसेल!

*

लेखकांचा स्वयंपाक कमळाबाई करतात. जवळच्या तांड्यावरून येतात. बोलायला एकदम रोखठोक. एका कादंबरीकाराला त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "साहेब, त्या मानसाला काही तकलीफ हाय का? घरी काही झालं का?"

"का हो?"

"सकाळपासून खिडकीत बसून राहिलेत. जेवा म्हणलं तर जेवतात, फिरून तिथंच."

मी समजावलं, "बाई, ते विचार करतात. लेखकांचं कामच ते. निम्मं लिहिणं डोक्यातच होतं."

कमळाबाईंनी मान हलवली. "असं व्हय? मंग आमच्या तांड्यावर घरोघर लेखक हायेत."

*

शेवटचा किस्सा काम चालू असतानाचा आहे.

मार्च महिना होता. माळवदाची जुनी माती उतरवून झाली होती आणि घर वरून पूर्ण उघडं पडलं होतं. भिंती कच्च्या मातीच्या. खंडूमामांनी आधीच बजावलं होतं, "साहेब, आता एक जोराचा पाऊस आला तर भिंती बसतील. मंग घर नाही, ढिगारा दुरुस्त करा."

दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. आम्ही प्लॅस्टिकचा कागद टाकायला वर चढलो, तर वाऱ्यानं तो उचलला आणि समोरच्या कडूलिंबावर नेऊन फाडला. दुसरं काहीच नव्हतं. खाली अक्का घरात आल्या होत्या. भिंतीला तळहात लावून नुसत्या उभ्या.

मागच्या अंगणात भीमरावांची हळद होती. भीमराव शेजारचे शेतकरी, साठीच्या पुढचे, फार न बोलणारे. शिजवलेली हळद वाळत घातलेली. आभाळ बघून त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, धावपळ करून ढीग लावला होता, वर दोन मोठ्या ताडपत्र्या घालून दोऱ्या बांधल्या होत्या. वर्षाचं पीक होतं ते.

भीमरावांनी मान वर करून आमच्याकडं पाहिलं. मग खाली बसले आणि दोऱ्या सोडायला लागले.

वच्छलाबाई ओरडल्या, "अवो, काय करून राहिले? माल भिजंल की!"

"भिजू दे."

"डोकं फिरलं का तुमचं?"

भीमराव दोन्ही ताडपत्र्या खांद्यावर घेऊन शिडीशी आले. मी म्हणालो, "भीमराव, असं नका करू." ते म्हणाले, "बोलू नका, टोक धरा."

ताडपत्र्या पसरल्या आणि पाऊस आला. सोबत गारा. चार कोपऱ्यांवर चौघं जण अंगाचं वजन टाकून बसलो. पाठीवर गारा बसत होत्या. खंडूमामा देवाचं नाव घेत होते.

पाऊस थांबल्यावर खाली उतरलो. भिंती कोरड्या होत्या. गल्लीतून पिवळं पाणी वाहत रस्त्यापर्यंत गेलं होतं. भिजलेल्या हळदीचा रंग उतरतो, हे आमच्या भागात लेकरालाही माहीत असतं. वच्छलाबाई ओट्यावर पाठ करून बसल्या होत्या.

मला राहवलं नाही. वाटलं, एवढं केलं म्हणजे माणूस मोठा वाचक असणार. विचारलं, "भीमराव, गुरुजींच्या कादंबऱ्या वाचल्यात का तुम्ही?"

"न्हाई."

"एक पण नाही?"

"आपल्याला वाचायचा नाद न्हाई."

"मग गुरुजी तुमचे कोण?"

भीमरावांनी फावडं उचललं, ढीग फोडला आणि ओली हळद पसरायला सुरुवात केली.

"मास्तर होते," ते म्हणाले. "लई मारायचे."