जनरेटर चालू होता आणि मी आत झोपलो होतो

दुपारपासून लिहायचं टाळून राहिलो. चहा पिलो, मग तासभर कोणाचे तरी पहाडांचे फोटो पाहत बसलो. आता लिहूनच टाकतो.

जुन्या ट्रेलरवर मी राहायचा डबा बनवून राहिलो, हे तुम्हाले माहीतच आहे. आज बीरगांवच्या वर्कशॉपमध्ये डब्यातल्या पलंगाखाली जनरेटर बसवला. धुराचा पाइप बाहेर काढायचं काम उद्यावर ठेवलं होतं. वेल्डर भैयांनी नारळ फोडून मशीन चालू केली. इथला रिवाज असा, की सगळ्यांना प्रसाद मिळेपर्यंत नवी मशीन बंद करायची नाही. ते प्रसाद वाटायला गेले. मी डब्याचं दार लावून आत पंख्याखाली आडवा झालो.

डोकं जड झालं. उठावंसंच वाटेना. भीतीही वाटली नाही.

भैयांनी पाय धरून बाहेर ओढलं. "अबे, मरना है क्या? पूरा धुआं अंदर भरा है!"

आता वर्कशॉपच्या ओट्यावर बसलो आहे. हात माझेच आहेत, पण दुसऱ्याचे वाटतात. पुढच्या आठवड्यात हा डबा घेऊन पहाडांकडे निघायचं होतं. निघू की नको, काहीच कळून नाही राहिलं. तुमच्यापैकी कोणी असं मरता मरता वाचलं असेल तर सांगा, भीती किती वेळानं येते?

थांबा, गेटवर बाबांची स्कूटर आली. मी प्लँटची नोकरी सोडली तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. भैयांनीच फोन केला असेल. हेल्मेट न काढताच बाबा भैयांना विचारून राहिले, "पोट्टा कुठं आहे माझा?"