शून्याचं अव्हरेज

“नळ म्हंजी काय?” म्हाळसाजीनं विचारलं. साहेबांनी त्याच्या नावापुढं शून्य मांडलं.

निजामाच्या अमलातली गोष्ट. हिंगोलीच्या तहसील कचेरीत मी तर्जुमा करायचो. म्हणजे उर्दूचं मराठी आणि मराठीचं उर्दू. साखरा गावाच्या लोकांनी शाळेसाठी अर्ज केला होता. ती द्यावी की नाही, हे ठरवायला हैदराबादहून हे साहेब आले, सोबत उर्दूत छापलेली टेस्ट घेऊन. मुलखाची भरभराट रयतेच्या अकलेवर ठरते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. सगळ्यांच्या मार्कांची बेरीज करायची, माणशी भागायची. ते अव्हरेज म्हणजे गावाची अक्कल!

पहिला सवाल होता, दोन नळ एक टाकी किती वेळात भरतील? मी मराठीत सांगितला. देवळापुढं बसलेली माणसं लगेच आपसात बोलू लागली.

“बोलू नका! ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं सांगा,” साहेब ओरडले.

“एकट्यानं काहून सांगावं?” म्हाळसाजी म्हणाला. तो मेंढ्या राखायचा. “पान्याचं आमी समदे मिळूनच ठरवतो. हीर एकच. चैतात तळ दिसतो. आधी बाळंतिणीचं घर, मंग बाकीची, मेंढरं शेवटी. मेंढरं माझीच हाईत, तरी शेवटी. पानी किती खाली गेलं ते दोरानं मोजतो अन् तेवढ्या घागरी कमी करतो. तीन उन्हाळे झाले, भांडन न्हाई.”

मी ते उर्दूत सांगितलं. साहेबांनी टेस्टचा पर्चा उलटसुलट पाहिला.

“हा सवाल यात नाही.”

“साहेब, टाकीपेक्षा हे अवघड आहे.”

“तुम्ही तर्जुमा करा. अक्कल मी मोजतो.”

लोक एकमेकांशी बोलले, म्हणजे नक्कल केली. सगळ्यांना शून्य. त्या शून्यांचं अव्हरेज काढायला साहेबांना अर्धा तास लागला.

रिपोर्टची फेअर कॉपी मलाच करावी लागली. मी त्यात विहिरीचा मजकूर घातला. साहेबांनी तो खोडला आणि विचारलं, “नोकरी नको झाली का?” मी तो वगळून नवी कॉपी केली. त्याची लाज अजून वाटते.

शाळा नामंजूर झाली. साहेबांना बढती मिळाली. पुढं म्हाळसाजीनं मला बाजारात गाठलं.

“शाळंचं काय झालं?”

“गाव नापास झालं.”

“आमाला येत न्हाई म्हून शाळा न्हाई? मंग ज्याला येतं त्यालाच शाळा देऊन राहिले का?”

नोकरीत मी एवढं शिकलो: रयतेची अक्कल मोजणाऱ्यांची टेस्ट कुणीच घेत नाही.