त्याले घरात घेतलं का?

खकनारहून बऱ्हाणपूरला येणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची बाई. नाव मी विचारलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

पुढच्या सीटवर कॉलेजच्या दोन मुली टीव्हीवरच्या एका गुन्हेगारी मालिकेवरून भांडत होत्या. त्यात खून केलेल्या मोठ्या भावाला धाकटा भाऊ पोलिसांच्या हवाली करतो.

"गद्दार आहे तो," एक म्हणाली. "सगा भाई होता ना!"

"मग काय, खून लपवायचा?" दुसरी म्हणाली.

बाई एकदम पुढे वाकली. "बेटी, नंतर त्याच्या मायनं त्याले घरात घेतलं का?"

"वो तो अगले सीजन में पता चलेगा, मावशी." मुली हसल्या. बाई हसली नाही.

थोड्या वेळानं तिनं हळूच मला विचारलं, "भाऊ, गवाही देताना पोरगा समोरच उभा राहतो का?"

"कोणाचा पोरगा?"

"माझाच. सुनेले जाळत होता. मीच पाणी ओतलं. पाहणारी मी एकटीच."

'गद्दार' हा शब्द इतका वेळ तिनं कसा ऐकला असेल! "राहतो," मी म्हणालो, "पण तुम्ही जजसाहेबांकडे पाहून बोला."

कोर्टाजवळ ती उतरली आणि फाटकाशीच थबकली. मला वाटलं, आता परत फिरते. तेवढ्यात मानेवर भाजल्याचे डाग असलेली एक तरुणी आतून आली. बाईनं तिचा हात धरला आणि तिच्या पुढे होऊन आत गेली.