आखून लावलेली आग

गाय वणव्यात मरेपर्यंत कमळा शिवगणने वणव्याचा फारसा विचार केलेला नव्हता. देवरूखच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला खैरवाडी आहे. तिथे माघ-फाल्गुनात सडा पेटतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाडीच्या डोक्यावर कातळाचं सपाट रान आहे, तोच सडा. पावसाळा सरला की त्यावर कमरेएवढं गवत वाळून उभं राहतं. कुणी विडी टाकतं, कुणी रानडुक्कर उठवायला काडी ओढतं, कुणाला वाटतं जाळल्या जागी पुढच्या साली गवत चांगलं येतं. लावली कुणी ते कळत नाही. आग फिरते, विझते, आणि माणसं आपल्या कामाला लागतात.

त्या वर्षी मात्र ती वाडीपर्यंत उतरली. सडा आणि वाडी यांच्यामध्ये वन खात्याचं आकेशियाचं रान होतं. झाडं काठ्यांसारखी दाटीने वाढलेली, खाली पातेरा इतका की पाय रुतावा. त्या वाळलेल्या पानांवरून आग धावत आली. कमळा नदीवर धुणं धूत होती. नवरा रामा मुंबईत एका छापखान्यात कामाला होता, सून दीपाली लहान मुलाला घेऊन माहेरी गेली होती. घरी गोठ्यात गाभण गाय बांधलेली होती. कमळा धावत पोचली तेव्हा गोठ्याचं छप्पर खाली आलं होतं. मोहोरावर आलेल्या काजू उभ्या करपल्या होत्या. शेजारणींनी तिला बसवून ठेवलं आणि पुरुषांनी गायीला खड्डा खणला.

पंचनाम्याला वनरक्षक अक्षया आली. ती दापोलीकडची, नोकरीत नवीन. तिचं लिहून झाल्यावर कमळाने विचारलं, "बाय, ही दर साली अशीच येनार काय?"

"रान असं राहिलं तर येणार, काकी."

"मग कसा ठेवायचा रान?"

अक्षयाने ओट्यावर बसूनच सांगितलं. आकेशिया विरळ करायचा, म्हणजे वेडीवाकडी, रोगट झाडं काढायची आणि बाकीच्यांना मोकळी जागा ठेवायची. पातेरा ओढून बाजूला करायचा. आणि थंडीतच, गवतावर दंव असताना, सड्याच्या कडेने एक पट्टा आपणच जाळून टाकायचा. त्याला जाळरेषा म्हणतात. मागाहून वणवा आला की तिथे त्याला खायला काही उरत नाही. खात्याचे मजूर थोडे आहेत, गावाने हात लावला तर होईल.

पावसाळ्यानंतर देवळात बैठक झाली. अक्षयाने सगळं पुन्हा सांगितलं. विठू शिवगण उठला. तो रामाचा चुलत भाऊ, वाडीतला जाणता शेतकरी, त्याचं घर आणि काजूची बाग सड्याला अगदी लागून.

"आग इझवायला आगच लावायची? ह्यो कुठला शास्तर? आन् उद्या ती आमच्या अंगावर आली तर म्याडम काय करतील?"

पुष्कळ जण हसले. कमळा बायकांच्या बाजूला बसली होती. ती म्हणाली, "भावजी, तशीपन येतेच ना अंगावर. निदान आपल्याला ठाव असंल कधी लावली ती."

तेवढ्यावर काही ठरलं नाही. पण बायकांना विरळणीतलं लाकूड सरपणाला मिळणार होतं, म्हणून त्या तयार झाल्या. भात झोडून झालं तशी कामाला सुरुवात झाली. मजुरांनी खुणा केलेली झाडं पाडली, बायकांनी मोळ्या बांधल्या, पातेरा ओढला. आकेशियाच्या रानात पहिल्यांदाच जमिनीपर्यंत ऊन आलं. कमळा रोज जायची. काम तिला जमत होतं आणि घरी रिकामा गोठा होता.

जानेवारीत पट्टा जाळायला घेतला. दोन्ही कडांचं गवत कापून, ओढून मोकळी जमीन केली आणि मधलं उभं गवत पेटवलं. सकाळी गवत ओलसर असतं, आग सावकाश सरकते, धूर जास्त होतो. बाजूने माणसं हिरवे टाळे, म्हणजे पाल्याच्या ताज्या डहाळ्या, घेऊन उभी राहत आणि कडेबाहेर पडलेली ठिणगी आपटून विझवत. ऊन चढलं, वारा सुटला की थांबायचं, हा अक्षयाचा नियम होता. पहिले काही दिवस सगळं नीट झालं. विठू आपल्या खळ्यात उभा राहून बघायचा, पण जवळ यायचा नाही.

मग त्याच्या बागेजवळचा तुकडा आला. त्या दिवशी काम उशिरा सुरू झालं. थोडंच गवत उरलं होतं तेव्हा अक्षया म्हणाली, "बस्स, आता उद्या."

कमळाला परत चढून येणं नको होतं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी कुठं थांबतेस बाय? उरकून टाकूया."

अक्षयाने वर आभाळाकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. काडी कमळानेच लावली. वारा फिरला तो सगळ्यांना तोंडावर जाणवला. गवताची एक जळती पेंढी उचलली गेली आणि विठूच्या गवताच्या उडवीवर पडली. टाळे घेऊन सगळे धावले. त्यांना बाग वाचवता आली, उडवी नाही. विठूच्या गुरांची पावसापर्यंतची वैरण तासाभरात राख झाली.

काम तिथेच बंद पडलं. विठूच्या बागेपलीकडचा, ओढ्याजवळचा पट्टा जाळायचा राहून गेला. अक्षयाला वरून विचारणा झाली. तिने लिहून दिलं की निर्णय आपला होता. गावात मात्र कमळाने देवळासमोर सांगितलं, "म्याडम थांबा म्हनत होती. मीच लावली."

त्याच संध्याकाळी ती विठूच्या घरी गेली. तो खळ्यात बसून होता.

"भावजी, माजी उडवी तुमची. मला गुरं नाय आता."

विठू तिच्याकडे न बघता म्हणाला, "आणून ठेव."

दुसऱ्या दिवसापासून कमळा आणि दीपाली डोक्यावरून त्याच्याकडे गवत पोचवू लागल्या. विठूच्या बायकोने पाणी दिलं, चहा दिला. विठू तेवढ्यात गुरांकडे निघून जायचा. गावात बायका कुजबुजत, कमळा आता कुणाच्या भानगडीत पडणार नाही असं म्हणत. तिलाही काही दिवस तसंच वाटत होतं. चूल पेटवायचं काम तिने दीपालीकडे दिलं.

शिमग्याला मुंबईकर गावी आले. रामाही आला. पालखी वाडीत होती, ढोल वाजत होते आणि भर दुपारी डोंगरापलीकडून धूर दिसला. पुरुषांनी पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर ठेवली आणि सगळे वर धावले.

वणवा सडाभर पसरून येत होता. जाळलेल्या पट्ट्यापाशी तो अडला आणि काळ्या जमिनीच्या कडेला बसत गेला. एका ठिकाणी ठिणग्या उडून आकेशियाच्या रानात पडल्या. तिथे पातेरा नव्हता, आग जमिनीवरून पातळ सरकत राहिली आणि पोरांनी ती टाळे आपटून विझवली. पण ओढ्याजवळ, जिथे पट्टा अपुरा होता, तिथून ती आत शिरली. समोर विठूची बाग होती.

बागेच्या वरच्या कडेने पाऊलवाट जाते. विठू त्या वाटेवर उभा होता, हातात काड्यापेटी. वाटेवरून समोरची आग लावली तर ती वणव्याकडे ओढली जाते आणि दोन्ही मधेच भिडून विझतात, हे त्याला माहीत होतं. त्याच्या बापाने असं केलेलं त्याने पाहिलं होतं. पण तो काडी ओढत नव्हता. कमळा धापा टाकत पोचली.

"वयनी, वारा कुठला वाटतो?"

कमळाने मूठभर वाळलेला चुरा हातात घेऊन वर सोडला. तो वणव्याकडे गेला.

"लावा," ती म्हणाली.

दोघांनी वाटेच्या कडेने आग लावत नेली. रामा आणि मुंबईकर मागे टाळे घेऊन उभे राहिले. दोन्ही आगी बागेच्या बांधाच्या वर भिडल्या, मोठा जाळ झाला आणि बसला. विठूच्या बागेतल्या वरच्या ओळीतल्या काजू गेल्या, बाकीच्या राहिल्या. घरं वाचली. खाली उतरल्यावर पालखी पुन्हा उचलली गेली. विठूने कमळाचे आभार वगैरे मानले नाहीत. पावसाळ्याआधी एका सकाळी तो एक कालवड घेऊन आला, तिच्या गोठ्याच्या नव्या खांबाला बांधली आणि गेला.

पुढच्या थंडीत विठू पट्ट्यावर सगळ्यात आधी हजर असायचा. सगळा गाव मात्र आला नाही. वरची वाडी अजूनही येत नाही. आगीशी खेळ नको, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि उडवी जळाली होती हे कुणी नाकारत नाही. अक्षयाची बदली गुहागरकडे झाली. ती तिकडच्या वेळणेश्वरहून कधीमधी फोन करते. रामा निवृत्त होऊन घरी आला आहे. तोही कामाला जातो आणि धुराच्या नावाने रोज कुरकुरतो. आकेशियाच्या मोकळ्या जागेत ऐन, किंजळ आणि जांभळीची रोपं उठली आहेत. ती कुणी लावलेली नाहीत. गुरं तिथे घालायची नाहीत एवढं गावाने ठरवलं आहे, आणि ते बऱ्यापैकी पाळलं जातं.

यंदा जानेवारीत वारा धड पडेचना. नव्या वनरक्षकाने पुष्कळ दिवस वाट पाहिली. शेवटी ओढ्याकडचा भाग जाळायचा नाही, असं कमळा आणि विठूने ठरवलं. तिथलं गवत त्यांनी कोयत्याने कापून काढलं. त्या कामाला फार वेळ लागला. कापलेलं गवत दोघांच्या घरांत वाटलं गेलं.