भर मे महिन्यात हीटर

गाडीत बसण्याआधी ते बॉनेटवर तळहात ठेवायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "बिल्कुल ठीक आहे. चलो." आणि तुम्हाला सांगतो, नेमकी त्याच दिवशी गाडी उकळायची.

ते नोएडातले माझे शेजारी. ते आणि मी, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून ऑफिसला त्यांच्याच गाडीतून जायचो. भोवती नव्या सोसायट्या उठत होत्या, रस्त्यावर रोज एखादी नवी चकचकीत गाडी दिसायची. यांची मात्र जुनी, सेकंडहँड, आणि तिच्यावर भारी जीव. रेडिएटर गळायला लागला की ते त्यात चमचाभर हळद टाकत. हळद भोकात बसते नि गळती थांबते, असं त्यांना करोल बागेतल्या मेकॅनिकनं सांगितलं होतं. थांबायचीही, यमुनेच्या पुलापर्यंत.

वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे वरण पांढरं आणि पार्किंग पिवळं."

"अगं, जुगाड आहे तोवर चालू दे. दिवाळीत नवा रेडिएटर बसवू." कुठल्या दिवाळीत, ते कधी सांगितलं नाही. हा माणूस हुशार आहे की नुसता हट्टी, हे मला ठरवता येत नसे.

एका मे महिन्यात, रविवारी दुपारी वहिनींच्या छातीत दुखू लागलं. टॅक्सी मिळेना, ॲम्ब्युलन्सचा फोन कुणी उचलेना. शेवटी वहिनींना त्यांच्याच गाडीत मागं निजवलं, मी पुढं बसलो. यमुनेच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. आमच्या इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला. इंजिन निवेपर्यंत थांबायचं तर अर्धा तास गेला असता. त्यांनी एकदा मागं पाहिलं आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर लावला की इंजिनातली उष्णता आत येते नि इंजिन निवतं, हा त्यांचा शेवटचा उपाय. बाहेर लूचा गरम वारा, आत हीटर. काटा खरोखरच उतरला.

मागून वहिनी म्हणाल्या, "अहो, फार उकडतंय."

"बस, पोहोचलोच."

गाडी कुठंही बंद न पडता आम्ही हॉस्पिटलला पोहोचलो. वहिनी मात्र त्याच आठवड्यात गेल्या.

नंतर ते भेटेल त्याला विचारू लागले. मेकॅनिक म्हणाला, "सही किया, साहब. वरना इंजन वहीं बैठ जाता." डॉक्टर म्हणाले, दुखणंच मोठं होतं; पण अशा पेशंटला इतक्या उष्म्यात ठेवायला नको, असंही बोलून गेले.

"दोघंही बरोबर कसे असतील हो?" ते मला जिन्यात गाठून विचारत. थांबलो असतो तर वहिनी वाचल्या असत्या की पुलावरच गेल्या असत्या? मी रात्रंदिवस हाच हिशेब घोळवत असे.

निवृत्तीनंतर ते नाशिकला मुलीकडे निघाले, तेव्हाही उन्हाळाच होता. खाली एसीची टॅक्सी उभी होती. मागं बसून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुम्ही गाडीत होतात. आता तरी सांगा."

"मला खरंच कळत नाही हो."

"मलाही नाही," ते म्हणाले.

ड्रायव्हरनं एसी लावला आणि काचा चढवायला सांगितलं. त्यांनी आपल्या बाजूची काच वर घेतली. मग रिकाम्या सीटवरून वाकून पलीकडची काच हळूहळू खाली केली.